चौथा कोपरा

बसस्टँडच्या वेटिंग हॉलमध्ये मांडीवर उशी घेऊन बसलं की लोकांना वाटतं, बाई झोपायला आली. जवळ येऊन बघतात तर उशीवर टाचण्या खोचलेल्या, त्यांच्यातून खाली लाकडी काड्या लोंबताहेत आणि प्रत्येक काडीवर पांढरा दोरा गुंडाळलेला. मग प्रश्न सुरू होतात. हे काय? लेस. हाताने करता? नाही, पायाने करते. एका गृहस्थाने तर मला बजावून सांगितलं की हे मशिनीवर चुटकीसरशी होतं. म्हटलं, चालणंही बसने चुटकीसरशी होतं, तरी तुम्ही सकाळी फिरायला जाताच की नाही? तो जो उठला तो थेट फलाटावर जाऊन उभा राहिला.

म्हणून लोकांशी बोलायचं काम ताईचं आणि हाताचं काम माझं, अशी वाटणी आम्हाला करावी लागली. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिच्या बोलण्याने पाखरं खांद्यावर येऊन बसतील, माझ्या बोलण्याने बसलेली उडतील. असं तीच म्हणते. मी काही म्हणत नाही, कारण खरं आहे.

वाटणी आमच्यात पहिल्यापासून होती, पण वेगळी. लेसची सरळ पट्टी मी करायची आणि कोपरे ताईने. सरळ पट्टीत काही नाही. चार काड्या घ्यायच्या, मधल्या दोघींची जागा बदलली की फुली, जोडीतली उजवी डावीवरून टाकली की पीळ, मग टाचणी. फुली, पीळ, टाचणी, दिवसभर तेच. पण रुमाल म्हणा, टेबलक्लॉथ म्हणा, त्याची किनार करायची तर कोपऱ्याशी पट्टी वळायला हवी, आणि तिथे माझं घोडं पेंड खायचं. मी वळवलेला कोपरा वाटीसारखा वर यायचा. म्हणून कोपरा आला की मी उशी उचलायची आणि ताईच्या घरी जायचं. गुरुवारी. ती कोपरा वळवून द्यायची, आम्ही चहा प्यायचो, कशावरून तरी भांडायचो आणि मी घरी यायची. तिने मला कोपरा कधी शिकवला नाही आणि मीही कधी शिकव म्हटलं नाही. आमचे हे म्हणायचे, तुम्हा दोघींना मिळून एक अख्खी लेसवाली होते.

मग ताईची बोटं गेली. म्हणजे आहेत जागेवरच, पण सांधे सुजून गाठी झाल्या. काडी धरली की निसटते, टाचणी तर चिमटीत येतच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता हे असंच राहणार. त्या वेळी आमचा एक टेबलक्लॉथ चालू होता, तिच्याच जेवणाच्या टेबलासाठी. तीन कोपरे झाले होते. चौथ्याच्या अलीकडे येऊन काम थांबलं.

मला वाटलं, आता तरी म्हणेल, बस माझ्याजवळ, मी सांगते तसं कर. तर बाईसाहेब म्हणाल्या, आपण बाहेर बसू या. स्टँडवर, बागेत, जिथे माणसं वाट बघत बसतात तिथे. लोकांना दाखवू. एखाद्याला गोडी लागली तर माझा कोपरा त्याला देऊन टाकीन.

मी काय मेले होते? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. सगळं आयुष्य हिच्या शेजारी बसून मी दोरे ओढले आणि कोपरा जाणार कुणा वाटसरूला. पण मी मूग गिळून बसले. कारण तिला एकटीला उशी उचलवत नव्हती, आणि तिला एकटीला कुठे जाऊ देणं मला पेलवत नव्हतं.

तर अशा आम्ही गुरुवारी स्टँडवर बसू लागलो. ताई उंटावरून शेळ्या हाकणार, मी एका नमुन्याच्या पट्टीवर हात चालवणार. लोक यायचे, वा वा म्हणायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि बस लागली की पळायचे. बसून करून बघा असं ताईने म्हटलं की सगळ्यांची बस लागायची. एका बाईंनी करून बघितलं, पण बोलण्याच्या नादात माझ्या सगळ्या काड्या एकमेकींत गुंतवून ठेवल्या आणि ‘फारच नाजूक काम हो’ म्हणत निघून गेल्या. गुंता मी सोडवला.

मग एक दिवस बसवाली आली. बस चालवणारी, खाकी शर्ट, रुंद पंजे, आवाज हॉर्नसारखा. आधी आमच्यावर ओरडलीच, पिशवी वाटेत ठेवलीय, कुणी तरी तोंडावर पडेल. मी पिशवी ओढून घेतली. ती तशीच उभी राहून बघत होती. किती वेळ लागतो असं नाही, विकता का असंही नाही. तिने विचारलं, ‘चुकलं तर काय करता?’

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ताईचा चेहरा असा उजळला की बघवेना. म्हणाली, ‘धाकटे, उसवून दाखव.’ सकाळपासूनचं माझं काम, बिनचूक, आणि हिला उसवून दाखवा. पण चारचौघांत थोरल्या बहिणीला काय बोलणार. मी टाचणी काढली, पीळ सोडला, फुली सोडली, पुढची टाचणी. उलटं जाताना घाई करता येत नाही, नाहीतर दोरा तुटतो. आणि काय सांगू, वेटिंग हॉलमधली माणसं हळूहळू जवळ सरकली. पुढे जाताना माझे हात त्यांना दिसतच नव्हते, मागे जाताना दिसले. अशी जागा बदलते होय, असं कुणीतरी पुटपुटलं. बसवाली माझ्या बाजूला बाकावर बसली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

त्यानंतर दोन फेऱ्यांच्या मध्ये वेळ मिळाला की ती यायची. ताईने तिच्यासाठी छोटी उशी भरून घेतली. अर्थात, भरली मीच. तिचे पहिले प्रयत्न बघवत नव्हते. दोरा असा ओढायची की जणू गिअर टाकतेय. पण ताई एका शब्दाने रागावली नाही. ‘असू दे गं, परत कर.’ माझ्या लहानपणी हीच ताई मी चुकले की काडीने बोटांवर मारायची. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. बसवाली तिला थोरल्या मावशी म्हणायची, मला धाकट्या मावशी, आणि माझ्याकडून फक्त चहा प्यायची.

बसवालीची पट्टी सरळ येऊ लागली त्या गुरुवारी ताई म्हणाली, आज कोपऱ्याचं बघू. मी उठले. म्हटलं, चहा आणते. ते मला बघायचंच नव्हतं.

टपरीवरून तीन कप घेऊन मी मागच्या दाराने आले, तर दोघींची पाठ माझ्याकडे होती. बसवाली ताईला विचारत होती, धाकट्या मावशींना का नाही शिकवलंत हो हे? त्यांचा हात तर माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगला आहे.

 ताई म्हणाली, ‘तिला कोपरा आला असता तर ती कशाला आली असती माझ्याकडे? तिचं घर भरलेलं, माझं रिकामं. कोपऱ्याच्या निमित्ताने यायची, भांडायची, चहा प्यायची. नाही शिकवला मी. आता हात गेले, ते निमित्तही गेलं. म्हणून हे स्टँडवर बसायचं काढलं. नाहीतर मला गं काय करायचंय लोकांना लेस दाखवून?’

कप माझ्या बोटांना चटके देत होते तरी खाली ठेवायचं सुचलं नाही. आधी मला राग आला. भयंकर राग आला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही हिची जन्माची खोड. ये म्हणाली असती तर मी आले नसते का? आणि मग रडू आलं, कारण मी तरी कुठे सरळ गेले होते कधी? उशी हातात असल्याशिवाय मी तिच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. नुसतं ‘तुला बघावंसं वाटलं’ असं म्हणून जायचं असतं, हे आम्हा दोघींना कुणी शिकवलंच नाही. मी पदराने डोळे पुसले, खोकले आणि पुढे गेले.

दोघींनी काही बोललंच नसल्यासारखं केलं आणि मी काही ऐकलंच नसल्यासारखं. ताई कोपरा सांगायला लागली. म्हणजे सांगायचा प्रयत्न करायला लागली, कारण तिच्या हातांना ठाऊक होतं ते तिच्या तोंडाला ठाऊक नव्हतं. ‘इथे या जोड्या अशा… म्हणजे यांना जरा… आणि या मात्र चालू ठेवायच्या… अगं, येतं ते आपोआप.’ सुजलेली बोटं हवेत फिरत होती. बसवाली कपाळाला आठ्या घालून उशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे वळणावरच्या चाकांसारखं. आतलं चाक जवळजवळ थांबतं आणि बाहेरचं लांबून फिरून येतं. दोन्ही सारखी पळवली तर गाडी कलंडते.’

ताईने टाळीच वाजवली. हेच, हेच म्हणत होते मी!

आणि मी तोंडात मारल्यासारखी बसले. आयुष्यभर मी कोपऱ्यावर सगळ्या जोड्या सारख्याच ओढत होते. आतल्या जोड्यांना थांबूच देत नव्हते. वाटी होईल नाहीतर काय होईल?

दुसऱ्या दिवशी दुपारी यांना जेवायला वाढून मी खिडकीपाशी त्या थांबलेल्या टेबलक्लॉथची उशी घेऊन बसले. आतल्या जोड्या बाजूला टेकवून ठेवल्या, बाहेरच्यांना पूर्ण वळसा घेऊ दिला, मग उशी फिरवली. कुठेही ताण नाही. टाचण्यांच्या खाली कोपरा सपाट पडला होता, ताईच्या तीन कोपऱ्यांसारखाच. इतकी मी खूश झाले की यांना उठवून दाखवला. हे म्हणाले, चला, आता तुला ताईकडे खेटे घालायला नकोत.

ते वाक्य गुरुवारपर्यंत माझ्या डोक्यात फिरत राहिलं. कोपरा झाला म्हणजे पुढे वीतभर सरळ पट्टी, मग सुरुवातीला जोडायचं, टाचण्या काढायच्या, संपलं. बसवालीलाही आता येईल. स्टँडवर येण्याचं कारण संपेल आणि ताई परत आपल्या रिकाम्या घरात त्या टेबलाशी बसेल. चौथा कोपरा घातलेला टेबलक्लॉथ पसरून.

गुरुवारी मी ताईच्या मांडीवर उशी ठेवली. बसवाली वाकून बघू लागली.

मी म्हटलं, ‘ताई, केलाय गं प्रयत्न. पण कुठेतरी चुकलंय असं वाटतंय. बघ जरा.’

ताईने चष्मा वर केला. मग डोळे मिटून सुजलेलं बोट कोपऱ्यावरून फिरवलं, बाहेरच्या कडेने, मग आतून, एकेका टाचणीपाशी थांबत. त्या बोटाला काडी धरता येत नव्हती, पण चूक त्याच्यापासून लपणं शक्य नव्हतं. आणि चूक नव्हती. मला ठाऊक होतं, आणि बोट परत सुरुवातीला आलं तेव्हा तिलाही कळलं होतं. तिचा हात तिथेच थांबला. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी टाचण्यांकडे बघत राहिले.

‘हो गं,’ ती म्हणाली.  ‘एक पीळ कमी पडलाय. इथे, आतल्या बाजूला.’

बसवालीने तोंड उघडलं. तिलाही आता कोपरा वाचता येत होता. मी तिच्या बुटावर पाय ठेवला, चांगला दाबून, आणि ती हुशार बाई गप्प बसली.

‘मग काय करू?’ मी विचारलं.

‘काय करणार, उसव. आणि काही घाई नको. आज नाही झालं तर घरी घेऊन ये माझ्या. येतेस?’

येते म्हटलं. समोरच्या बाकावरची एक पोरगी पिशवी कडेला सारून बघायला उठली होती, तिला मी जवळ बस म्हटलं, आणि पहिली टाचणी काढली.