गरम कुंडाचं पाणी आणि माझी अब्रू

मित्रांनो, मी एक जुना कलरीमीटर आहे. पाण्याचा रंग किती गडद, हे माझा काटा सांगतो. बंगळुरात, मल्लेश्वरमच्या एका प्रयोगशाळेत माझी उमेदीची सारी वर्षं गेली. गूळ, खत, विहिरीचं पाणी, काय नाही तपासलं! पण १९६७ सालची ती दुपार आठवली की माझा काटा अजून थरथरतो.

भूगर्भतज्ज्ञ मल्हाररावांनी दूरच्या एका गरम कुंडाचं पाणी आणलं होतं. खोल जमिनीखाली ते किती तापलेलं असेल, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ वसुमतीअक्का इथे बसून सांगणार होत्या! गरम कॉफीत साखर जास्त विरघळते ना, तशी तापलेल्या पाण्यात खडकातली सिलिका जास्त विरघळते. अक्का त्यात रंग आणणारं औषध घालत. जितकी सिलिका, तितकं पाणी पिवळं. पावणेदोनशे अंश भरले तर तिथे वाफेवर वीज करायला जमिनीत खोल भोक पाडायचं, नाहीतर मल्हाररावांची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

माझ्या काट्यावरून हिशेब झाला. दीडशेसुद्धा नाहीत!

"शक्यच नाही!" मल्हारराव तडकले. "हे यंत्र म्हातारं झालंय. भंगारात द्या."

पण अक्का माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. "अण्णा, पाणी गार झालं की सिलिका गोठते, मग रंग धरत नाही. म्हणून तर कुंडावरच डिस्टिल्ड पाणी घालून पाचपट करा म्हटलं होतं."

"केलं की! दुसऱ्या बाटलीत," मल्हारराव म्हणाले.

"कुठली दुसरी?"

शिपाई आप्पाजी कानकोंडे झाले. "अक्का, देवाच्या कुंडाचं तीर्थ ते. त्यात साधं पाणी मिसळलेलं! असलं भेसळीचं तुम्हाला कसं द्यायचं? कपाटामागे ठेवलंय. स्वल्प चुकलं."

अक्का धावल्याच. बाटली आणली, औषध घातलं, नळी माझ्यात ठेवली. रंग आणखी फिका!

"बघा, भेसळच," आप्पाजी पुटपुटले.

अक्कांनी आकडा पाचाने गुणला, तक्त्यावर बोट फिरवलं आणि त्या ओरडल्याच, "अण्णा, दोनशे!"

"सरी, ठरलं तर! पाडू या भोक!" मल्हारराव म्हणाले, आणि त्यांनी चक्क माझी पाठ थोपटली. काय सांगू तुम्हाला, मला आकाश ठेंगणं झालं!

पुढे नवी यंत्रं आली. आता मी फळीवर धूळ खात असतो. मित्रांनो, यंत्र पुसून, झाकून ठेवा. आणि आकडा मनासारखा आला नाही म्हणून त्याला फेकायला निघालात, तर आधी त्याच्यापुढे काय ठेवलं होतं ते बघा. त्या दुपारी अक्कांनी बघितलं, म्हणून मी आहे.