काचेच्या कापडाचे ठिगळ

मित्रांनो, तापीच्या काठावर उपडी पडलेली ही जुनी लाकडी होडी तुमच्याशी बोलते आहे. माझी गोष्ट भीतीची आहे.

बावन्न साली मला सागवानातून घडवले. पितांबरभाऊ माझे मालक. त्यांची केळीची बाग नदीपलीकडे होती. माणसे, केळीचे घड, कधी शेळ्यासुद्धा मी वाहून नेल्या. सारे म्हणत, "पितांबरभाऊनी नाव म्हणजे घरनं अंगण!" त्या कौतुकात माझ्या तळाकडे कोणी पाहिले नाही. बारा पावसाळ्यांनंतर तिथली एक फळी कुजली आणि पाणी आत येऊ लागले. रोज काठ सुटला की माझा जीव थरथरे.

त्या उन्हाळ्यात पितांबरभाऊंच्या पत्नी प्रमिलाबाई यांचा भाऊ मगन मुंबईहून आला. तो तिथे होड्यांच्या कारखान्यात कामाला होता. माझ्या तळाला ठिगळ लावायला त्याने पांढरेशुभ्र, चमकदार कापड आणले होते आणि डब्यात राळ, म्हणजे वाळल्यावर टणक होणारा चिकट रस. कापड काचेच्या धाग्यांचे होते.

प्रमिलाबाई दचकल्या. "काचनं कापड? काच ते फुटी जास, भाऊ!"

"घाबरू नको, अक्का. मुंबईले असंच करतस. आजच लाई देस."

"पहिले फळीवर लाई दखाड. मन्ही सून बठस ह्या नावमा."

पितांबरभाऊ हसले, पण प्रमिलाबाई हटल्या नाहीत. शेवटी मगनने काठावर पडलेल्या फळीचे दोन तुकडे घेतले, मधली फट राळ लावलेल्या कापडाने सांधली. राळ वाळून टणक झाल्यावर एक तुकडा बाभळीला टांगला आणि खालच्या तुकड्याला दगडांची गोणी बांधली.

गोणी क्षणभर लोंबली. मग चर्र असा आवाज झाला आणि ती धाडकन खाली आली.

कापड फाटले नव्हते. ते लाकडावरून सालीसारखे अख्खे सुटून आले होते. मगनने लाकडावर बोट फिरवले. त्याचा चेहरा उतरला.

"लाकूड ओलं व्हतं, अक्का. नाव बी ओलीच शे."

विचार करा, मित्रांनो. ते ठिगळ भर नदीत सुटले असते तर?

मग मला उपडी करून कित्येक दिवस उन्हात वाळवले. कुजलेला भाग कापून नवे लाकूड बसवले, घासले. मगनने कोरड्या तुकड्यांवर कापडाचे थर आडवे-उभे चिकटवून पुन्हा गोणी टांगली. सांधा करकरला, पण टिकला. तो नदीत भिजत ठेवला, पुन्हा टांगला. हातोडा मारला. पांढरा डाग पडला, कापड तुटले नाही. तेव्हाच प्रमिलाबाई म्हणाल्या, "आते लाव."

त्याच वर्षी भर पावसाळ्यात सून सरलाबाईंना कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "पोर आडवं शे. डॉक्टरकडे लई जा." डॉक्टर पलीकडच्या काठाला. नदी तांबडी होऊन फुगली होती. पितांबरभाऊ आणि धुडकू नावाडी वल्ही मारू लागले. सरलाबाई कण्हत होत्या. मधोमध एक वाहून आलेला ओंडका माझ्या तळावर आदळला, नेमका ठिगळावर.

"फुटनी का?" सरलाबाई किंचाळल्या.

प्रमिलाबाईंनी तळावर हात दाबला. हाताखाली कोरडेच होते.

"नही, पोरी. नाव धड शे."

पलीकडे पोचलो. डॉक्टरांनी शर्थ केली. सरलाबाई वाचल्या आणि त्यांची मुलगीही.

आता पितांबरभाऊंकडे नवी होडी आहे. मी काठावर पडून आहे. आज दोन अनोळखी माणसे माझ्याजवळ थांबली. एकाने ठिगळावर थाप मारली. "मजबूत शे. उद्या पाण्यात टाकू."

मित्रांनो, ठिगळ अजून मजबूत आहे. त्याच्याभोवतीचे लाकूड मात्र वाळवीने पोखरले आहे. त्यांना कोणीतरी थांबवा. ते तुम्हाला भित्रे म्हणाले तरी चालेल. माझ्यात बसण्याआधी त्या लाकडावर नुसता अंगठा दाबून पाहा म्हणावे. तो आत जाईल.