किंदेच्या घरट्यातली लोकर

माझा मोठा भाऊ असेन्सियो जूनमध्ये चिंबोरासोच्या डोंगरावर बर्फ तोडायला गेला आणि परत आला नाही. गावाने सहा दिवस शोधलं. सातव्या दिवसापासून डेल्फिना वहिनी एकटीच वर जायला लागली, धुक्यात, पाठीला पोर बांधून. आता हीसुद्धा जाणार, या भीतीने मी तिला थाप मारली. म्हटलं, दादाला मी रिओबांबाला पाहिलं, ग्वायाकीलच्या बसमध्ये चढताना. सोबत एक बाई होती. त्या दिवसापासून वहिनी वर गेली नाही. हसलीही नाही. मी त्यात बाई कशाला घातली, देव जाणे. मारायची तर थाप पक्की मारावी, एवढंच डोक्यात होतं.

बाहेरच्या पाहुण्यांना किंदे दाखवणं हे माझं काम. मुठीत मावेल एवढा गुंजन पक्षी, पण राहतो कुठे, तर जिथे गवतसुद्धा गोठतं तिथे. नराचं डोकं जांभळं, गळ्याशी हिरवी झाक, पोट पांढरं आणि त्यावर मधोमध काळी रेघ. मादी मळकट. त्या वाऱ्यात तरंगत राहणं परवडत नाही, म्हणून चुकिरागुआच्या झुडपाच्या नारिंगी फुलावर तो सरळ बसतो आणि मध पितो. रात्री इतका गार पडतो की मेलाच वाटावा.

फेब्रुवारीत मला कड्याच्या पोटात एक घरटं सापडलं. वहिनीचं मन जरा रमेल म्हणून तिला घेऊन गेलो.

"एवढ्याशा जिवासाठी एवढी चढण?" ती धापा टाकत म्हणाली. "तुम्हा भावांना या डोंगराचं वेडच आहे मेलं."

"बघा तरी, वहिनी."

मादी उडाली तशी आत दोन पिल्लं दिसली. पाहुण्यांना सांगतो तसं मी सांगायला लागलो. शेवाळ, पिसं, लोकर. "लांबून काही आणत नाही ती. या घळीत मिळेल तेवढ्यावरच भागवते."

वहिनी घरट्यावर वाकली. घरट्याच्या काठाला लाल लोकर होती. चार दिवस मी ती पाहत होतो. मला लाल म्हणजे लाल.

"हा माझा रंग आहे," ती म्हणाली. "किडे वाटून काढलेला लाल कमी पडला म्हणून मी अक्रोडाची पानं उकळून घातली होती. यांच्या पोंचोसाठी. तोच अंगावर घालून गेले होते ते. असा विटकरी लाल गावात दुसऱ्या कुणाचा नाही."

"लोकर काय, वाऱ्याने कुठूनही येते."

"भावजी, आत्ता तुम्हीच काय सांगितलंत?"

मी खाली घळीकडे बघत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"तुम्ही त्यांना बसमध्ये पाहिलं नव्हतंत." तिने विचारलं नाही, सांगितलं.

"नाही. तुमचाही जीव जाईल म्हणून बोललो."

वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती होती तिथेच खडकावर बसली.

"नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, थडग्यांवर आपण जांभळी पेज ठेवली. पावाच्या बाहुल्या ठेवल्या, बटाटे ठेवले. एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, असेन्सियोचं पण वाढू का? मी म्हटलं, त्याची ती बाई घालेल त्याला."

तिने शालीच्या टोकाने तोंड दाबून धरलं. मग हळूच म्हणाली,

"ते आले असतील हो, भावजी. सगळे जेवत असताना नुसते उभे राहिले असतील."