खोकल्याचा पूल

लढाई संपून एक जन्म उलटल्यावर सरकारला शोध लागला की म्हातारे सैनिक मरतात. मग काय, एकच धावपळ! उरलेसुरले थंड व्हायच्या आत त्यांच्या आठवणी भरून घ्या, असा हुकूम सुटला आणि एका सकाळी युद्ध संग्रहालयाच्या बाई सुरुंगआजोबांच्या बैठकीत येऊन दाखल झाल्या. सोबत एक हेडफोनवाला. आवाज नको म्हणून त्याने पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उशीखाली कोंबलं आणि शेवटी फ्रीजही बंद केला. आजींचं दूध नासलं तरी चालेल, इतिहास नासता कामा नये.

सुरुंगआजोबांनी तरुणपणी एक पूल उडवला होता. नातेवाईक जमले की तो पुन्हा उडायचा आणि दर खेपेला थोडा लांब व्हायचा. सुरुवातीला तो ओढ्यावर होता. अलीकडे त्याच्याखालून जहाजं जात.

पण आज खुद्द आजोबांना पूल नको होता. त्यांना खोकल्या हवा होता.

खोकल्या म्हणजे त्यांच्या तुकडीतला एक काटकुळा गडी. सदा खोकायचा. तुकडीच्या एकुलत्या एका फोटोतही नेमका खोकला, म्हणून तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग. पूल उडाला त्या पहाटेच गेला; मागे ना आईबाप, ना बायको. तुकडीतले बाकीचे एकेक करून गेले. आता खोकल्याचा मुक्काम फक्त आजोबांच्या डोक्यात, आणि त्या घराची डॉक्टरही हमी देत नव्हते.

"त्या पहाटे खोकल्या म्हणाला," आजोबांनी सुरुवात केली, "'माझ्या खोकल्यापायी सगळे मराल. मी नदीच्या वरच्या अंगाला जाऊन बसतो.' गेला, बसला खोकत. पहारेकरी पूल सोडून त्या आवाजामागे धावले, म्हणून तर आम्ही..."

"छान, छान," बाई म्हणाल्या. "पण स्फोट कधी येतो, आजोबा? संग्रहालयात लोक ऐकायचं बटण दाबतात आणि लगेच पुढे जातात हो."

"बाबा, ते आजाऱ्याचं कशाला काढता?" दारातून सूनबाई म्हणाली. "नेहमीचा धडाम् सांगा ना!"

"सांगू दे गं त्यांना," आजी म्हणाल्या. "संसारभर पूलच ऐकलाय मी. कानात खडी साचली माझ्या."

एवढ्यात आजोबांनाच ढास लागली.

"काळजी नको," हेडफोनवाला म्हणाला. "मशीन खोकला शोधून पुसून टाकतं. सगळ्याच आजोबांचा पुसतो आम्ही."

आजोबांनी भिंतीवरच्या त्या फोटोकडे पाहिलं. माणूस गेला, फोटोतलं तोंड गेलं, आता खोकलाही पुसणार! मग त्यांच्या मिश्या हलल्या. आजींनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. त्या मिश्या हलल्या की पूल वाढतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"घ्या तर तुमचा धडाम्," आजोबा म्हणाले. जहाजं गेली, चंद्र बुडाला, वात भिजली, वाळली. "मी काडी हातात धरून पालथा पडलेलो. पेटवायची कधी? इशारा ठरला होता. गोळी नाही, शिट्टी नाही. इशारा म्हणजे..."

आजोबांनी छाती भरून श्वास घेतला.

"खों! खों! खोंऽऽ! आणि धडाम्!"

खिडकीची काच थरथरली. बाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या.

"बाई, खोकला पुसला तर इशाराच जातो," हेडफोनवाला पुटपुटला.

"हात लावू नकोस त्याला! आजोबा, कोण होता तो खोकणारा?"

"आत्ता विचारलंत," आजोबा म्हणाले आणि फोटोतल्या धुरकट डागावर बोट ठेवलं.

मंडळी गेल्यावर आजींनी विचारलं, "अहो, इशारा कधी ठरला होता?"

"मघाशी."

"शोभतं का या वयात?"

"जहाजं गेली तेव्हा कुठे होतीस?"

पुढे संग्रहालयात तो फोटो लागला, डागाभोवती ठसठशीत गोल काढून. खाली बटण. आजोबा समोरच्या बाकावर जाऊन बसतात. पोरं धडामसाठी बटण दाबतात, पण शिकून जातात खोकला. सगळं दालन खों खों करतं. तोफा, तलवारी, सेनापतींचे पुतळे यांच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही.

व्यवस्थापनाने शेवटी पाटी लावली आहे: 'येथे खोकण्यास सक्त मनाई आहे.'

आजोबांनी ती वाचली, आणि त्यांना बरोब्बर तिथेच ढास लागली.