वीसची खूण

"करा ना सही, मावशी. मला अजून त्या मुलीच्या वडिलांना तोंड द्यायचंय."

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं होतं. मावशींनी ते घेतलं नाही. आधी पदराला चष्मा पुसला, मग कागद खिडकीकडे नेऊन वाचला. चारच तर वाक्यं होती!

"ट्रॉली पुस्तकात दिल्याप्रमाणे उताराच्या फळीवरील वीसच्या खुणेवरून सोडण्यात आली. टेबलाच्या कडेचा ठोकळा बसवण्यास प्रयोगशाळेतील परिचर विसरल्या. ट्रॉलीवर दोन किलो वजन असल्यामुळे ती लांब जाऊन विद्यार्थिनीच्या हातावर पडली. विद्यार्थिनीच्या दोन बोटांची हाडे मोडली."

खाली विज्ञानाच्या मॅडमची सही, अगदी वळणदार. शेजारी मावशींसाठी रिकामी जागा.

आता कुणालाही वाटेल, मावशी 'विसरल्या' या शब्दावर भडकल्या असतील. चोवीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई! रोज सकाळी आल्या आल्या पहिलं काम काय, तर उताराच्या फळीसमोर, टेबलाच्या कडेला, ट्रॉली खाली पडू नये म्हणून, तो लाकडी ठोकळा लावायचा, स्क्रू आवळायचा आणि दोनदा ओढून बघायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर त्यावर त्यांनीच चिकटवलेलं. त्या विसरतील? पण मावशींचं बोट भलत्याच ओळीवर थांबलं.

"वजनामुळे लांब गेली?" त्या म्हणाल्या. "हे मॅडमनी लिहिलंय? आपल्या मॅडमनी?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. सर, दुपारी दहा मिनिटं लॅबमध्ये याल? मॅडमना पण आणा. मग सहीचं बघू."

आणि कागद घडी घालून त्या निघाल्यासुद्धा! सरांचं पेन तसंच हवेत.

या मॅडम कोण, तर याच शाळेतली चिमणी. हो, मावशींनीच ठेवलेलं नाव. सहावीत होती तेव्हा एवढीशी, काडीपैलवान, आई कामावरून उशिरा यायची म्हणून शाळा सुटल्यावर लॅबमध्ये येऊन बसायची. मावशी आपला डबा अर्धा तिच्यापुढे सरकवायच्या आणि काचेची भांडी पुसता पुसता तिला खेळायला ट्रॉली द्यायच्या. सातवीत एकदा चिमणीनं वहीत ठोकून दिलं, "जड ट्रॉली लांब पडते." प्रयोग न करताच! मावशींनी ते पान तिच्यासमोर धरलं. "दिसलं का तुला असं?" "नाही, पण जड आहे ना, मग जाणारच की लांब." "गप गुमान सोडून बघ." लॅबमध्ये दोघीच, म्हणून मावशींनी ठोकळा काढून ठेवला. चिमणीनं रिकामी ट्रॉली सोडली, मग वजन ठेवून सोडली, परत रिकामी. तिन्ही वेळा त्याच फरशीवर! चिमणीचं तोंड असं उघडं पडलं की मावशी आठवडाभर हसत होत्या.

"जे दिसलं ते लिहायचं गं बाई. हवं ते नाही लिहायचं." लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला मावशी हे ऐकवायच्या. स्वतः आठवी शिकलेल्या, पण चोवीस वर्षं कपाटाआडून तोच तास ऐकून ऐकून बल, वेग, घर्षण, जडत्व सगळं तोंडपाठ. चिमणी शिकली, मोठी झाली, गेल्या वर्षी मॅडम होऊन याच लॅबमध्ये आली, तेव्हा पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार केला होता तिनं. मावशींना त्या दिवशी घरचा रस्ता सापडेना, इतका आनंद!

आणि काल काय झालं? मॅडम म्हणाल्या, "मावशी, ऑफिसातून खडू आणता का जरा?" खडूची पेटी कपाटात भरलेली होती. मावशींना आठवत होतं ते, पण म्हटलं, रंगीत हवे असतील. ऑफिसात क्लार्कनं बोलण्यात अडकवलं. परत येतात तर जिन्यातच किंकाळी ऐकू आली.

गर्दीत, रडारडीत, मुलीला दवाखान्यात न्यायच्या धावपळीत कोण बघतंय? मावशींनी संध्याकाळी बघितलं. ठोकळा कपाटाच्या वरच्या खणात. मावशींची उंची पाहता तिथे त्यांचा हातच पोचत नाही! स्क्रू पार शेवटपर्यंत सोडवलेला. टेबलाखाली पहिल्या फरशीवर त्यांचं बसायचं पोतं, चार घड्या घालून नीट अंथरलेलं. ट्रॉलीसाठी गादीच जणू! आणि ताजा टवका कुठे उडाला होता? दुसऱ्या फरशीच्या पार टोकाला.

मावशी तिथेच बसल्या. त्यांना सगळं कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. सकाळी चिमणी स्वतःच येईल, 'मावशी, चुकलं' म्हणेल, मग आपण रागावू आणि दोघी मिळून सरांकडे जाऊ, असं त्यांनी रात्रभरात ठरवूनही टाकलं होतं. सकाळी कागदच आला.

दुपारी मोठे सर आले, मागून मॅडम. मॅडमची नजर जमिनीवर.

मावशींनी डस्टर झटकून फरश्यांवर खडूची भुकटी पसरली. कालच्या ट्रॉलीचं चाक वाकलेलं, म्हणून तिची जुळी बहीण कपाटातून काढली.

"सर, इकडे उभे राहा, नाहीतर तुमची पण बोटं जायची."

सर हसले नाहीत, पण सरकले.

"ही वीसची खूण. ट्रॉली रिकामी आहे." मावशींनी सोडली. खर्रर्र… धप्प! भुकटीत खूण उमटली, पहिल्या फरशीच्या कडेवर.

मग दोन किलो वजन दोरीनं घट्ट बांधलं. पुन्हा वीस. खर्रर्र… धाड! सर वाकले. खूण त्याच रेघेवर, फार तर बोटभर इकडेतिकडे.

"अरेच्चा," सर म्हणाले. ते भाषा शिकवायचे.

"वजनानं लांब जात नाही सर. उंचीनं जाते. टेबलावरून खाली पडायला वेळ तेवढाच लागतो, पण वरून सोडली की वेग जास्त. आता ही ऐंशीची, सगळ्यात वरची." मावशींनी ट्रॉली फळीच्या टोकाला नेली. "चौपट वरून सोडली की दुप्पट लांब पडते. दुप्पटच का, ते मॅडमच समजावतील." त्यांनी सोडली.

खर्रर्रर्र… खाड्! ट्रॉली दुसऱ्या फरशीच्या टोकाला, त्या टवक्यापासून दोन बोटांवर!

खाली मैदानात कुणाची तरी पीटीची शिट्टी वाजत होती.

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "कुठून सोडली होती तुम्ही?"

मावशींनी मॅडमकडे बघितलं. अगदी तसंच बघितलं, सातवीतलं ते पान हातात धरून बघितलं होतं तसं. म्हणजे अजूनही! अजूनही त्यांना वाटत होतं, आता बोलेल.

"वीसवरून," मॅडम म्हणाल्या.

सरांनी घसा खाकरला. मान हलवली. "मला फोन आहे एक," असं काहीतरी पुटपुटत दारापर्यंत गेले आणि वळले. "मावशी, समजतंय मला. पण संपूर्ण वर्गानं वीसच सांगितलंय. आणि त्या मुलीच्या वडिलांना आज नाव हवंय. तुम्ही सही करा, पाण्याच्या टाकीवर बदली देतो, बाकी काही होऊ देत नाही. शब्द माझा."

सर गेले, आणि मॅडमचा बांध फुटला.

"मावशी, मुलांना दाखवायचं होतं हो, अडवलं नाही तर वस्तू जातच राहते. मुलं ओरडायला लागली, वरून सोडा, वरून सोडा… माझं भान गेलं. ती खाली वाकून बघतेय, मला दिसलंच नाही."

"आणि खडू?"

मॅडमनी खडूच्या कपाटाकडे बघितलं.

"मी असते तर भरल्या वर्गात ठोकळा काढू दिला नसता. म्हणून ना?"

"माझी नोकरी अजून पक्की नाहीये, मावशी! तुमची दोनच वर्षं राहिलीत. तुम्हाला कोण काढतंय? मला काढतील."

"वर्गाला कुणी पढवलं? वीसच सांगायचं म्हणून?"

"लॅब बंद होईल म्हटलं मी फक्त…"

"चिमणे," मावशी म्हणाल्या आणि थांबल्या. मग नीट, सावकाश म्हणाल्या, "मॅडम, पेन द्या."

मॅडमनी खिशातलं पेन काढून दिलं. डोळे पुसले. सुटल्यासारखा श्वास सोडला.

मावशींनी कागदाची घडी उलगडली, टेबलावर हातानं सपाट केली आणि रिकाम्या जागेत, गोल गोल अक्षरात लिहिलं: "रिकामी, वीसवरून: एक फरशी. दोन किलो, वीसवरून: एक फरशी. दोन किलो, ऐंशीवरून: दोन फरशा. टवका दुसऱ्या फरशीच्या टोकाला." खाली सही, तारीख. मग ठोकळा टेबलाच्या कडेला लावला, स्क्रू आवळला, दोनदा ओढून बघितला आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्यावर ठेवला.

"कागद तुम्हीच नेऊन द्या सरांना," म्हणाल्या. "दिलात तर."

तो कागद सरांपर्यंत पोचला की नाही, मावशींनी कधी विचारलं नाही. सोमवारपासून त्या पाण्याच्या टाकीवर. पिंप धुवायचं, नळ पुसायचे, पोरांना रांगेत उभं करायचं. टाकी नेमकी लॅबच्या खिडकीखाली!

दहाबारा दिवसांनी ती मुलगी शाळेत आली. डाव्या हातानं नळ सोडायची धडपड चाललेली, उजव्याला हे एवढं बँडेज. मावशींनी पेला भरून तिच्या तोंडाला लावला.

पाणी पिऊन मुलगी इकडेतिकडे बघत कुजबुजली, "मावशी, वरून सोडली होती. मैत्रिणींनी सांगितलं मला. सगळ्यांना माहितीये."

"वहीत लिहिलं का कुणी?"

"नाही." तिनं बँडेज वर केलं. "मी तरी कसं लिहू?"

"बोटं सुटली की लिही," मावशी म्हणाल्या.

वर तास सुरू झाला होता. खिडकीतून तो आवाज आला, खर्रर्रर्र. मावशींचा हात नळावर तसाच थांबला. पेला भरून वाहायला लागला, पाणी मनगटावरून खाली.

मग ठोकळ्याच्या रबरावर आदळल्याचा तो मऊ आवाज आला. थप्.

मावशींनी नळ बंद केला. "चला, पुढचा कोण?"