दोन नळ, एक काना

नानांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर त्यांनी संसार केला. त्यांच्या लाल पेनाची दहशत अशी, की नाना दारात दिसले की अक्षरांचे शिशाचे खिळे आपोआप सरळ उभे राहतात, असं ते जुळवणारे जुळारी शपथेवर सांगत. निवृत्तीनंतर पेन खिशात राहिलं आणि चुका संपल्या. मग नानांची नजर न्हाणीघराकडे वळली.

तिथे पितळेचे दोन नळ होते. चौफुलीच्या आकाराच्या मुठी, डावा गरम पाण्याचा, उजवा गार. नानांच्या बायकोने हौसेने निवडलेले. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण नळ अजून तिच्यासारखेच दिवसभर पुटपुटत. त्या ठिबकण्याला लय इतकी पक्की, की भिंतीपलीकडचे गायनमास्तर त्यावर शिकवण्या घेत.

सूनबाई दातांची डॉक्टर. तिला एकदांडी नळ हवा होता. दांडी उचलली की पाणी, दाबली की बंद.

"नाना, ते पितळ आता भंगारात जाऊ दे."

"दुरुस्त होईल."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"मागच्या वर्षी विचार चालला होता."

शेवटी तिने अट घातली. "रविवारी माझे आईबाबा येताहेत. तोवर दोन्ही नळ थेंबभरही गळता कामा नयेत. आणि पाहुण्याला कोणाला न विचारता वापरता आले पाहिजेत. नाही जमलं, तर सोमवारी एकदांडी."

नाना "कबूल" म्हणाले आणि पाना घेऊन आत शिरले.

प्लंबरला बोलावलं, तर त्याने नळाला नमस्कारच केला. "नाना, असला वायसर आता मिळत नाही."

"मी कुठे मागतोय? कसा बसवायचा तेवढं सांग."

"चामड्याचा लागेल, जाड."

नानांनी मुलाच्या नव्या बुटाची जीभ कापून दोन वायसर पाडले. घरात जीभ मुलालाही नव्हतीच.

आट्यांवर सूत गुंडाळलं, मुठी आवळल्या, लिंबू आणि राखेने पितळ घासलं. नळ असे झळकले, की मुलाने आरसा सोडून त्यात पाहून दाढी केली आणि स्वतःचं नाक बघून दोन दिवस उदास राहिला. ठिबकणं थांबलं तसे गायनमास्तर धावत आले. "नानासाहेब, विद्यार्थी बेताल झाले हो! निदान एक तरी गळू द्या!"

राहिल्या मुठींवरच्या चिनी मातीच्या चकत्या. जुन्या फुटल्या होत्या. नानांनी कुंभारकाम करणाऱ्या बाईंना चिठ्ठी पाठवली: जुन्या वळणाचं निळं अक्षर काढा. गारच्या चकतीवर 'थ' काढा, असं मुलाने चाचरत सुचवलं होतं.

"थंड माणूस असतो," नाना त्याच्याकडे बघत म्हणाले. "पाणी गार असतं."

रविवारी सकाळी चकत्या आल्या. नानांनी डबी उघडली. दोन्हींवर सुबक, वळणदार 'ग'. बाईंचं चुकलंय म्हणून ते लाल पेन काढणार, तेवढ्यात डबीतून त्यांचीच चिठ्ठी निघाली, त्यांच्याच अक्षरात: 'एकीवर ग, गरमचा. दुसरीवर ग, गारचा.' चाळीस वर्षं लोकांचे काने धरले आणि स्वतःचा काना खाल्ला!

दाराशी गाडी थांबली. नानांनी चिठ्ठी खिशात कोंबली आणि चकत्या बसवल्या. व्याही काही लगेच आंघोळीला धावणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

व्याही निवृत्त न्यायाधीश. चहा हवा का, यावरही दोन्ही बाजू ऐकून घेत. ते खुर्चीत न बसताच म्हणाले, "प्रवासाचा शीण आलाय. आधी आंघोळ."

दार लागलं. नाना बाहेर श्वास रोखून उभे. सूनबाई हाताची घडी घालून उभी. आधी आली आरोळी. मग आला चीत्कार.

"नानासाहेब! गरम कुठला?"

"ग! ग फिरवा!"

"अहो, दोन्ही ग आहेत!"

"एक गरमचा, एक गारचा!"

"ते या ग ला माहीत आहे का?"

व्याही बाहेर आले तेव्हा डावीकडून टोमॅटोसारखे लाल आणि उजवीकडून जांभळे झाले होते. मधोमध आखून घेतल्यासारखी रेघ. टॉवेल सावरत त्यांनी निकाल दिला.

"नळ निर्दोष आहेत, एक थेंब गळत नाही. लोक ध चा मा करतात, इथे कोणीतरी गा चा ग केलाय. गुन्हेगार शोधा."

नानांच्या मनात आलं, कुंभारीणबाईंचं नाव घ्यावं. त्या इथे कुठे आहेत? पण हात आपोआप खिशात गेला. त्यांनी चिठ्ठी सुनेपुढे धरली.

"शोधायला नको. चूक माझी आहे. पाहुण्याला विचारावं लागलं, अट मोडली." आणि पाना उचलून ते स्वतःच डावा नळ सोडवायला वाकले. पान्याला आटा काही सापडेना. चष्मा धूसर झाला होता.

सूनबाईने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग आत जाऊन नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेऊन आली.

"सरका, नाना."

"काय करतेस?"

"दात घट्ट असेल तर मी उपटत नाही. कीड लागली तेवढंच भरते."

जीभ दातांत धरून तिने उजव्या चकतीवर उभी रेघ ओढली. ग चा गा झाला.

"गारला लाल?" नाना पुटपुटले.

"दुरुस्ती लालच असते ना?"

नानांनी चष्मा पुसला. नाक टेकेल इतकं जवळ जाऊन दोन्ही अक्षरं तपासली. काना किंचित तिरका होता. चाळीस वर्षांची सवय जिभेपर्यंत आली, आणि तिथून त्यांनी ती गिळली.

"छापायला हरकत नाही," नाना म्हणाले.