दीड तासाचं विमान

आमचे भावजी घड्याळं दुरुस्त करतात, आणि वेळेतलं आपल्याइतकं जगात कुणालाच कळत नाही असा त्यांचा ठाम समज आहे. मी विमानाची तिकिटं विकतो, म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ दलाल. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून चहा मिळतो, एवढंच.

भाचीला परदेशात नोकरी लागली तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "दोन तासांपेक्षा लांब पोरीला पाठवणार नाही. तिला बरं नसलं तर मला लगेच पोचता आलं पाहिजे." भाची रडून रडून लाल. मी मुकाट्याने तिकीट आणून समोर ठेवलं. म्हटलं, होऊ दे एकदाचा तमाशा.

भावजींनी डोळ्याला भिंग लावून तिकीट वाचलं. "सुटणार नऊला, पोचणार साडेदहाला. दीड तास! अरे, हे तर हाकेच्या अंतरावर आहे. जा बाळ, खुशाल जा!"

अहो, ते साडेदहा तिथले! ते शहर आपल्या साडेतीन तास मागे, विमान चांगलं पाच तास उडणार. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर ताईने टेबलाखालून असा चिमटा काढला की मी कळवळलोच. मग स्वयंपाकघरात ओढून नेऊन मला झापलं, "शहाणपणा करू नकोस. ह्यांचा जीव दीड तासात मावतोय ना? मावू दे."

"आणि कळलं म्हणजे?"

"तोवर ती वर असेल."

बहीण आहे की कोण!

विमान वेळेवर उडालं. विमानतळावरून भावजी थेट दुकानात गेले आणि ताईच्या हुकुमावरून मीही त्यांच्यामागे. दुकानात भिंतभर घड्याळं. त्यातलं एखादं मिनिटभर जरी पुढे गेलं तरी ह्या माणसाला जेवण जात नाही. साडेदहाचे टोले पडले. फोन नाही. अकरा वाजले. भावजी एकाच घड्याळाचं झाकण उघडत होते नि लावत होते. बाराला ते घामाघूम झाले.

"पडलं रे विमान," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला बघवेना. ताई गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि सगळं ओकून टाकलं.

आधी त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. मग स्टुलावर बसले. "पाच तास," ते हळूच म्हणाले. "म्हणजे तिला बरं नसलं, तर मी पोचणार कधी?"

मला वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं.

दोनला फोन वाजला. "बाबा, विमान आत्ता टेकलं! बरोबर साडेदहा वाजलेत!" भाचीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

भावजींनी भिंतीकडे पाहिलं. सगळी घड्याळं दोन दाखवत होती. मिनिटाची चूक खपवून न घेणारा हा माणूस घसा खाकरून म्हणाला, "हो ना? दीडच तास लागला. मी म्हटलंच होतं तुझ्या मामाला. आता काहीतरी खाऊन घे."

फोन ठेवला आणि मग ते ढसाढसा रडले. रडता रडताच मला दम भरला, "मला कळलंय हे तुझ्या बहिणीला सांगू नकोस हं. उगाच घाबरेल ती."